एवढे कान कशाला?

फेब्रुवारीचा शेवट, सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे सुरू, आणि एका अडत पेढीत टेबलाखाली ठेवलेला संगणक. मशीन फार हळू चालतंय म्हणून मला बोलावलं होतं. झाकण काढलं तर आतला पंखा पिवळाधमक. बोट फिरवलं तर भंडारा लागावा तशी हळद बोटाला आली. पंखा झटकला, झाकण लावलं आणि सवयीने काळी खिडकी उघडून नेटस्टॅट ही आज्ञा दिली. ओळी सरसर खाली उतरल्या. पेढीचे दिवाणजी चष्मा कपाळावर सरकवून शेजारी उभे होते. एका रकान्यात पुन्हा पुन्हा येणारा ‘लिसनिंग’ हा शब्द त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचला.

“ऐकतंय म्हंजे?”

“म्हणजे या नंबरावर कुणी बोलायला येतंय का, म्हणून मशीन कान देऊन बसलंय.”

त्यांनी पेनाचं टोपण पडद्याला टेकवत ओळी मोजल्या. तेवीस भरल्या. “सर, मानसाचं दोन कानांत भागतं. ह्येला एवढे कान कशाला?”

गेली काही वर्षं साताऱ्यात आणि सांगलीत मी रविवारी वर्ग घेतो. तिथे येणारी शिकलीसवरली माणसं पहिला प्रश्न विचारतात तो ‘कुठला अँटिव्हायरस चांगला?’ हा. दिवाणजींसारखा मुळावर बोट ठेवणारा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. ही पुस्तिका त्याचंच लांबलेलं उत्तर आहे. अँटिव्हायरसला तिच्यात अर्धं पान दिलं आहे, तेही शेवटी.

त्या दिवशी आम्ही एकेक ओळ घेतली. काही कान विंडोजचे स्वतःचे होते, त्यांना हात लावला नाही. ९००० आणि ९९९९ हे नंबर टॅलीचे निघाले. ३३०६ वर मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस बसला होता; तो जुन्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरने आणलेला. ते सॉफ्टवेअर पेढीने २०१७ साली जीएसटी आल्यावर सोडलं होतं, पण जाताना ते आपला डेटाबेस मागे ठेवून गेलं, आणि तो तेव्हापासून रोज सकाळी मशीनबरोबर उठून, कुणीतरी बोलावील म्हणून वाट बघत बसायचा. ३३८९ वर रिमोट डेस्कटॉप होतं. ते कुणी चालू केलं हे पेढीत कुणालाच आठवेना. कधीकाळी आलेल्या दुरुस्तीवाल्याने आपल्या सोयीसाठी केलेलं असावं. दिवाणजींनी संपलेल्या रोजमेळाचं मागचं पान उघडून नंबर, त्यापुढे काम आणि त्यापुढे ‘कोण वापरतं’ असे तीन रकाने आखले. फोल्डर आणि प्रिंटर वाटून घेण्याची सर्व्हिस ४४५ वर असते. त्या ओळीचा तिसरा रकाना कोराच राहिला. पेढीत एक प्रिंटर, तो या मशीनला लावलेला. मग वाटून कुणाला द्यायचा? त्या कोऱ्या जागेकडे मी परत येणार आहे.

संगणक विकत घेताना आपण त्याला वैयक्तिक म्हणतो. वैयक्तिक म्हणजे आपण सांगू तेव्हा आपल्यासाठी काम करणारा, अशी आपली समजूत. पण पडद्यामागे अशी कित्येक कामं चालू असतात, जी आपण सांगितलेली नसतात आणि आपल्यासाठीही नसतात. ती दुसऱ्या मशीनच्या मागणीची वाट बघत असतात. त्यांना सर्व्हिस म्हणतात. आगगाडीच्या आरक्षणाला जशा खिडक्या, तसे सर्व्हिसला पोर्ट. एका पत्त्यावर ६५,५३५ पर्यंत नंबर उपलब्ध. त्यातले बहुतेक बंद असतात. जे उघडे असतात त्यांच्यामागे कोण बसलंय, ते बाहेरच्या माणसाशी किती बोलतं आणि त्याला आत कुठपर्यंत येऊ देतं, एवढाच या पुस्तिकेचा विषय.

आणि हे दुखणं आजचं नाही. २ नोव्हेंबर १९८८ ला अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेला ‘किडा’ त्या काळच्या इंटरनेटवर पसरला, तेव्हा त्याने वापरलेली एक वाट ‘फिंगर’ या सर्व्हिसमधून जात होती. फिंगरचं काम काय, तर अमुक माणूस सध्या मशीनवर बसला आहे का, हे विचारणाऱ्याला सांगणं. एवढ्या किरकोळ कामासाठी मशीन बाहेरच्या कुणाचंही बोलणं ऐकून घेत होतं. पुढे घरोघरी विंडोज आलं आणि तेच पुन्हा झालं. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा १३५ नंबरच्या पोर्टमधून शिरला. ज्या लाखो माणसांनी त्या पोर्टचं नाव कधी ऐकलं नव्हतं, त्यांची मशीनं आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागली. तेव्हा कुठे मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर, बाहेरची हाक अडवणारी फायरवॉल मुळातच चालू ठेवायला सुरुवात केली. तोवर दार उघडं असणं हाच रिवाज होता.

साताऱ्याच्या वर्गात या टप्प्यावर कुणीतरी अजिंक्यताऱ्याचं नाव काढतंच. खिडकीतून किल्ला दिसत असतो, त्यामुळे तट, बुरूज, दिंडी दरवाजा या उपमा आयत्या मिळतात. मीही पूर्वी त्या वापरायचो. आता टाळतो, आणि त्याला कारण आहे. डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७०० औरंगजेब या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. प्रयागजी प्रभूंनी तो लढवला; सुरुंग उडाला तेव्हा ढासळलेल्या तटाखाली मोगलांचीच माणसं गाडली गेली; शेवटी राजाराम महाराजांच्या निधनानंतर बोलणी होऊन किल्ला गेला. या सगळ्यात शत्रूला किल्ल्याचं नाव ठाऊक होतं. त्याला हाच किल्ला हवा होता. आणि म्हणूनच किल्ल्याची उपमा ऐकली की माणूस म्हणतो, “माझ्या मशीनमध्ये असं काय आहे? मला कोण कशाला वेढा घालील?”

त्याला उत्तर सांगलीत मिळतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर आलं की इशारा, ४५ वर गेलं की धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता इथल्या कुणालाही मी ‘कृष्णामाई माझ्याच घरात कशाला येईल’ असं म्हणताना ऐकलेलं नाही. पाणी घरमालकाचं नाव विचारत नाही. पातळी आली की त्या पातळीची सगळी घरं भरतात. इंटरनेटवर उघडं पोर्ट शोधत फिरणारी यंत्रं अशीच असतात. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाची आज्ञावली दाखवली. जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे पत्ते सव्वाचारशे कोटींहून थोडे जास्त. त्या सगळ्यांवरचं एक पोर्ट एका मशीनवरून पाऊण तासाच्या आत तपासून होत होतं. सगळ्या जगाचं दार ठोठावून यायला आपल्याकडच्या तासिकेएवढा वेळ! ठोठावणाऱ्याला ते दार बँकेचं की हळदीच्या पेढीचं, याच्याशी देणंघेणं नसतं. २२, २३, ४४५, ३३८९ ही इंटरनेटची सखल वस्ती आहे. पाणी पहिलं तिथे शिरतं.

वॉनाक्राय या खंडणीखोर किड्याचं उदाहरण पुस्तिकेत सविस्तर आहे, इथे दोन तारखा पुरेत. विंडोजच्या फाइल वाटून घेण्याच्या सर्व्हिसमधल्या चुकीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिली. हल्ला झाला १२ मे २०१७ ला. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. तरीही तो दीडशेच्या आसपास देशांत पसरला, आणि पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, तीच फट वापरणाऱ्या नॉटपेट्या या दुसऱ्या किड्याने आपल्या उरणजवळच्या न्हावा-शेवा इथल्या जेएनपीटी बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचं काम थांबवलं. नॉटपेट्याचा जन्म युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाला होता. कुठलं युक्रेन, कुठलं न्हावा-शेवा!

*

मग करायचं काय? सगळे कान बंद करायचे?

इथे मी वर्गाला भिलारला नेतो. प्रत्यक्ष नाही, बोलण्यात. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ आहे. सुरुवातीला गावातल्या २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तकं ठेवली गेली, आणि त्यातली बरीचशी ठिकाणं म्हणजे लोकांची राहती घरं. तुम्ही पायऱ्या चढून जाता, चपला काढता, ओळखपाळख नसलेल्या माणसाच्या खोलीत बसून वाचता. कुणी अडवत नाही. पण स्वयंपाकघरात जायची तुमची हिंमत होत नाही, आणि माळ्यावर काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. घरमालकाने एक खोली सगळ्यांसाठी काढून दिली. उरलेलं घर त्याचं राहिलं. भिंतीवरचा फलक सांगतो की इथे अमुक प्रकारची पुस्तकं आहेत. तेवढीच ती सर्व्हिस.

संगणकावर हे ठरवायची जागा म्हणजे पत्ता. सर्व्हिस सुरू होताना ती कुठल्या पत्त्यावर ऐकणार हे तिला सांगावं लागतं, आणि तुम्ही सांगितलं नाही तर ती स्वतः ठरवते. १२७.०.०.१ वर बसवली तर ती फक्त त्याच मशीनवरच्या आज्ञावल्यांचं ऐकते. घरातली माणसं घरातच बोलावीत तसं. १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर बसवली तर घरातली, पेढीतली, त्या वायफायवरची सगळी मशीनं येऊ शकतात. आणि ०.०.०.० म्हणजे येईल त्याला या. सर्व्हिस तीच, तिचं काम तेच, एका ओळीच्या फरकाने तिचा शेजार बदलतो. मोंगोडीबी नावाचा डेटाबेस वर्षानुवर्षं अनेक ठिकाणी पासवर्डाशिवाय आणि सगळ्यांना उघडा असा बसवला जात होता. २०१६ च्या शेवटी आणि २०१७ च्या सुरुवातीला चोरांनी असे हजारो डेटाबेस पुसून त्याजागी खंडणीची चिठ्ठी ठेवली. कुणी कुलूप फोडलं नव्हतं, कारण कुलूपच नव्हतं. नंतर त्या डेटाबेसच्या कर्त्यांनी मूळ ठेवण बदलून तो आपल्यापुरता ऐकेल अशी केली.

विश्रामबागच्या वालचंद महाविद्यालयातली किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतली मुलं वर्गाला येतात तेव्हा ती मला शिकवतात, मी त्यांना नाही. फक्त एका ठिकाणी ती हमखास अडखळतात, ते म्हणजे सर्व्हिस वेगळ्या डब्यात चालवणारं डॉकर. लिनक्सवर यूएफडब्ल्यू नावाची सोपी फायरवॉल लावायची, सगळं बंद केल्याची खात्री करायची आणि मग डॉकरमधून एखादी सर्व्हिस पोर्ट देऊन सुरू करायची. डॉकर आपले नियम परस्पर लावतं आणि यूएफडब्ल्यूला वळसा घालतं. पोरगं सांगतं, “सर, फायरवॉल चालू आहे.” ती चालू असतेच. दुसऱ्या लॅपटॉपवरून त्या पोर्टला हाक मारली की उत्तर येतं, आणि मग वर्गात जी शांतता पसरते तिच्यासाठी मी सातारा-सांगली हा रस्ता दर पंधरवड्याला करतो. आपण बंद केलं असं वाटणं आणि बाहेरून बंद दिसणं, यांतला फरक शेजारच्या मशीनवरून तपासल्याशिवाय कळत नाही. पुस्तिकेतल्या प्रत्येक प्रकरणात म्हणून ‘बाहेर जाऊन बघा’ असा एक भाग आहे. कडी लावल्यावर दार ढकलून बघायची आपली जुनी सवय, तीच.

पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा, की ही सर्व्हिस मुळात हवी का आणि हवी तर ती याच मशीनवर का. याचा धडा आपल्या भागाने फार लवकर घेतलेला आहे, मात्र तो आपण विसरलो. १९९८ मध्ये केंद्र सरकारच्या पुढाकाराने वारणानगरच्या सहकारी संस्थांभोवती ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं, गावोगावी संगणकाची केंद्रं, ती वारणेच्या कारखान्याशी जोडलेली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले, शिक्षण असं बरंच काही त्यावर यायचं होतं. प्रत्यक्षात केंद्रांवर मुख्यतः उसाचाच हिशेब चालायचा: नोंद, तोडीची चिठ्ठी, वजन, खताची उचल. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी हे नीट पाहिलं आणि सात गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलवरचे एसएमएस लावून बघितले. शेतकऱ्याचं काम झालं, खर्च कमी झाला.

मला या गोष्टीत फजिती दिसत नाही. मला तिच्यात दिसतो तो नेमकेपणा. कामाला चिठ्ठी पुरत असेल तर तिथे अख्खं मशीन जोडून ठेवू नये. मशीन म्हटलं की त्याला वीज हवी, लाइन हवी, अपडेट हवं, आणि त्याचे कान कुणीतरी सांभाळायला हवेत. आज एखादा दुकानदार म्हणतो की बिलं मुलाला पुण्यात बघता आली पाहिजेत, म्हणून हे मशीन रात्रंदिवस इंटरनेटवर ठेवा. रोज रात्री एक पीडीएफ मेलने जाईल, चालेल का, असं मी विचारतो. दहातले सात जण चालेल म्हणतात. राहिलेल्या तिघांसाठी पुढची प्रकरणं आहेत.

*

त्या तिघांमध्ये कॅमेरेवाले बहुसंख्य. लग्नाला नृसिंहवाडीला गेलो तरी दुकान फोनवर दिसलं पाहिजे, ही मागणी रास्त आहे. बसवणारा येतो, कॅमेऱ्यांची डबी राउटरला जोडतो, राउटरवर एक पोर्ट उघडून देतो आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच ठेवतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या आज्ञावलीने जगभरचे असे कॅमेरे आणि राउटर आपल्या ताब्यात घेतले, ते साठेक ठरावीक नाव-पासवर्डाच्या जोड्या वापरून बघत. २१ ऑक्टोबरला त्यांचाच मारा करून अमेरिकेतल्या डाइन या कंपनीच्या सर्व्हिसेस बंद पाडल्या आणि ट्विटरसारख्या मोठमोठ्या साइट काही तास दिसेनाशा झाल्या. कॅमेऱ्यांचे मालक तेव्हाही आपापलं दुकान फोनवर बघत असणार.

आपल्याकडे एक गोष्ट अनेकांना नकळत वाचवते. केबलवाल्याकडून किंवा मोबाइल कंपनीकडून घेतलेल्या कनेक्शनला बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो; शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एक पत्ता, वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक टपालपेटी असावी तसा. बाहेरून आलेली हाक कुणासाठी हे पेटीला कळत नाही, म्हणून ती परत जाते. वर्गात कुणी तक्रार करतो, “पोर्ट उघडलं तरी बाहेरून लागत नाही.” मी म्हणतो, देवाची कृपा. पण या कृपेवर विसंबू नका. नव्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही६ च्या पत्त्यांत प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, आणि भारतात हे पत्ते झपाट्याने पसरले आहेत. तिथे वाड्याची सामाईक पेटी नाही. राउटरच्या फायरवॉलने अडवलं तर अडवलं. स्वस्तातल्या राउटरने ते केलंय का, हे तपासायची रीत पुस्तिकेत आहे.

दुकान बाहेरून बघायचंच असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पोर्ट उघडू नका, बोगदा करा. वायरगार्ड हे त्यासाठीचं साधन २०२० च्या मार्चमध्ये लिनक्सच्या गाभ्यातच घेतलं गेलं. ज्याच्याकडे ठरलेली किल्ली नाही त्याच्या हाकेला ते उत्तरच देत नाही. आत कुणी आहे की नाही एवढंसुद्धा बाहेरच्याला कळत नाही. बोगद्याच्या आत मग कॅमेरा असो, टॅली असो की घरचं फोटोंचं कपाट.

हे मत मी फुकट मिळवलेलं नाही. २०२० च्या टाळेबंदीत साताऱ्यातल्या एका ओळखीच्या हिशेबनिसाने मार्चअखेरची कामं घरून करता यावीत म्हणून मदत मागितली. घाई होती. मी त्याच्या राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ उघडून दिलं. पासवर्ड त्याच्या मुलीचं नाव आणि जन्मसाल असा होता, आणि तो मला माहीत होता. अकराव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, की फायलींची नावं बदलली आहेत आणि पडद्यावर इंग्रजी चिठ्ठी आहे. बॅकअप होता, त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर. तोही गेला. शेवटी वाचवलं ते टेबलाच्या खणातल्या पेन ड्राइव्हने, जिच्यावर फेब्रुवारीपर्यंतचा डेटा त्याच्या बायकोने मला न विचारता काढून ठेवला होता. वहिनींनी मला त्या दिवशी चहा दिला, पण बोलल्या नाहीत. बॅकअपचं प्रकरण पुस्तिकेत पहिलं का आहे, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एसएसएचवर मोठं प्रकरण आहे, आणि तिथे मी जरा रेंगाळलो आहे, कारण या सर्व्हिसचा इतिहास मला आवडतो. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी जाळ्यावरून जाणारे पासवर्ड चोरून ऐकत होतं. तातू इलोनेन या तिथल्या माणसाने वैतागून, बोलणं कुलूपबंद करणारी ही सर्व्हिस लिहिली. तिला नंबर हवा होता. फाइल पाठवणारं एफटीपी २१ वर, उघड्यावर बोलणारं टेलनेट २३ वर. मधला २२ रिकामा होता. त्याने तो मागितला आणि त्याला मिळाला. एसएसएच वापरायची तर पासवर्ड बंद करून किल्ल्यांची जोडी वापरा, हे सगळीकडे लिहिलेलं असतं, इथेही आहे. त्याबरोबर २०२४ मधली एक घटनाही आहे. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला स्वतःच्या मशीनवर एसएसएचने आत जायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. दुसऱ्या कुणी चहा घेतला असता. तो मागे लागला, आणि एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या आज्ञावलीत कुणीतरी चोरवाट पेरून ठेवल्याचं उघड झालं. ती जगभरच्या मशीनवर पोचायच्या बेतात होती. मशीन हळू चालतंय ही तक्रार तेव्हापासून मी जरा जास्त आदराने ऐकतो, पंख्यात हळद निघाली तरी.

भाषेबद्दल दोन शब्द. पोर्टला ‘बंदर’ म्हणून पाहिलं. “सर, रात्री बंदर उघडं राहिलं” या वाक्यावर सांगलीचा वर्ग इतका हसला की तो तास तिथेच संपला. सर्व्हिसला ‘सेवा’ म्हटलं की लोकांना तलाठी कार्यालय आठवतं. तेव्हा पोर्ट, सर्व्हिस, फायरवॉल, राउटर हे शब्द लोक बोलतात तसेच ठेवले. ‘ऐकणं’ मात्र मराठीत ठेवलं, कारण ते दिवाणजींचं आहे.

पुस्तिका पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची गरज नाही. मशीन समोर घ्या, ऐकणाऱ्यांची यादी काढा, आणि ज्या ओळीचं नाव कळत नाही तिथून सुरुवात करा. जी सर्व्हिस ठेवायची ती प्रशासकाच्या खात्यावर चालवू नका, तिच्यासाठी कमी अधिकारांचं वेगळं खातं करा. याची कृती दोन्हींसाठी, विंडोज आणि लिनक्ससाठी, दिली आहे. काही सर्व्हिसेसना चोवीस तास जागायचं कारण नसतं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद होतात. मुलांनी अभ्यास करावा म्हणून. मशीनला असा भोंगा लावून देणं त्याहून सोपं आहे, आणि तिथे कुणाची समजूत काढावी लागत नाही.

आता ती ४४५ ची कोरी जागा. जुना डेटाबेस काढून टाकला, रिमोट डेस्कटॉप बंद केलं, टॅली फक्त आतल्यांसाठी ठेवलं, आणि ४४५ पुढे काय लिहायचं ते कळेना. अशा वेळी आमच्या धंद्यात एक गावठी पण खात्रीची रीत आहे: बंद करायचं आणि कोण ओरडतं ते बघायचं. शनिवारी संध्याकाळी फायरवॉलमध्ये ते पोर्ट बंद केलं. रविवारी कुणी ओरडलं नाही. सोमवारी सौदे होते. साडेअकराला दिवाणजींचा फोन.

“सर, पट्टी निघंना. मागच्या गोदामातलं पोरगं कवाधरनं बटन दाबतंय.”

गोदामात वजनाला बसणाऱ्या मुलाकडे एक जुना लॅपटॉप होता. त्याचं नाव यादीत घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं, कारण तो पेढीच्या दारातून कधी दिसत नाही. तो तिथून पट्टी छापायचा आणि कागद या प्रिंटरवर निघायचा. बाहेर शेतकरी पट्टीसाठी उभे. मी फोनवरून सांगत गेलो आणि दिवाणजी करत गेले: ४४५ सगळ्यांना उघडायचं नाही, त्या एका लॅपटॉपच्या पत्त्यालाच उघडायचं. पत्त्याचे आकडे त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले, एकेक, हळदीच्या पोत्यांचं वजन पुकारतात त्या चालीवर. मग प्रिंटरचा आवाज आला. फोन चालू ठेवूनच त्यांनी रोजमेळाचं मागचं पान काढलं आणि तिसऱ्या रकान्यात काय लिहू, असं मला विचारलं. मी म्हटलं, पोराचं नाव लिहा.